स्कायरिम पहिल्यांदा खेळताना: काय धरायचं, काय सोडायचं

‘द एल्डर स्क्रोल्स 5: स्कायरिम’ हा बेथेस्डाचा गेम 11 नोव्हेंबर 2011 ला आला. आजही तो नव्याने विकत घेणारे लोक आहेत, आणि त्यातले बरेच जण एकाच ठिकाणी अडकतात. सुरुवात झकास होते. ड्रॅगन येतो, पळापळ होते, जीव वाचतो. मग व्हाइटरन शहरात पोचून चार माणसांशी बोलेपर्यंत कामांची यादी वीस-पंचवीसवर गेलेली असते, पाठीवरचं ओझं इतकं झालेलं असतं की पळता येत नाही, आणि आता नक्की करायचं काय हे न कळून गेम बंद होतो. तो पुन्हा उघडलाच जात नाही.

यात खेळणाऱ्याचं काही चुकत नाही. स्कायरिम तुम्हाला कशालाच नाही म्हणत नाही. कुठलंही शस्त्र उचला, कुठलीही जादू शिका, कुठल्याही टोळीत शिरा, नकाशावर वाटेल तिकडे जा. इतर गेममध्ये पुढची दारं बंद असतात आणि ती एकेक करून उघडतात. इथे सगळी दारं सताड उघडी आहेत, त्यामुळे काही दारं आपणच लोटून घ्यावी लागतात. पहिल्या दहा-बारा तासांत काय सोडून द्यायचं हे ज्याला जमलं, त्याला पुढे हा गेम सोडवत नाही. हा लेख त्या पहिल्या तासांसाठीच आहे. मोठी वळणं फोडलेली नाहीत, निर्धास्त वाचा.

खेळायला बसण्याआधी

2016 ची स्पेशल एडिशन घ्या. डॉनगार्ड, हार्थफायर आणि ड्रॅगनबॉर्न हे तिन्ही अधिकृत विस्तार तिच्यात आहेतच. 2021 ची ॲनिव्हर्सरी एडिशन म्हणजे याच गेमला नंतर जोडलेली भरपूर शस्त्रं, वस्तू आणि कामं. आधी खेळून झालेल्याला त्यात मजा येते, पण नवख्याच्या यादीत ती पहिल्या दिवसापासून गर्दी करतात. पीसीवर 8 जीबी रॅम आणि 12 जीबी मोकळी जागा लागते, त्यामुळे साधारण ग्राफिक्स कार्ड असलेल्या जुन्या मशीनवरही गेम नीट चालतो.

मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेले गेममधले बदल, पहिल्या खेपेला नकोत. ते हजारोंनी आहेत आणि त्यातले काही फार सुंदर आहेत, पण मूळ गेम काय आहे हे माहीत नसताना त्यात काय बदलायचं हे ठरवता येत नाही. सुरुवातीला सर्व्हायव्हल मोड हवा का असं विचारलं तर नको म्हणा. त्यात भूक, थंडी आणि थकवा सांभाळावा लागतो आणि फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून पाहिलेल्या जागी थेट पोचणं, बंद होतो.

सेटिंग्जमध्ये सबटायटल्सचे दोन पर्याय दिसतील: एक समोरासमोरच्या संवादांसाठी, दुसरा आजूबाजूच्या बोलण्यासाठी. दोन्ही सुरू करा. गेम कुठल्याच भारतीय भाषेत नाही, आणि इथल्या नॉर्ड, म्हणजे स्कायरिमच्या मूळ रहिवासी लोकांचे उच्चार आपल्या कानाला जड जातात. बाजारातून जाताना दोन माणसं आपापसात बोलत असतात, त्यातून एखाद्या जागेचा किंवा माणसाचा सुगावा लागतो. वाचता आलं तर तो निसटत नाही.

अडचणीची पातळी सहा प्रकारची आहे. ‘अडेप्ट’ आधीपासून निवडलेली असते, तीच राहू द्या. फार जड वाटलं तर खेळता खेळता एक पायरी खाली आणता येते, त्यात कमीपणा काही नाही.

आणि सेव्ह. पीसीवर एफ5 दाबलं की क्विकसेव्ह होतो, पण तो दर वेळी जुन्यावरच लिहिला जातो. त्यामुळे गुहेत शिरताना, शहरातून निघताना, मोठा निर्णय घेण्याआधी मेन्यूत जाऊन वेगळा सेव्ह करा. हा जुना आणि अवाढव्य गेम आहे, एखादं काम मध्येच अडकून बसतं. तेव्हा दोन तासांपूर्वीचा सेव्हच कामी येतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेही आहेच.

हेल्गेन: तुम्ही कोण?

गेम सुरू होतो तो बैलगाडीत नव्हे, घोडागाडीत, हात बांधलेल्या अवस्थेत. हेल्गेन नावाच्या गावात तुमचा शिरच्छेद व्हायचा असतो. यादी घेऊन उभा असलेला सैनिक विचारतो, तू कोण? इथे चेहरा, नाव आणि वंश निवडायचा.

दहा वंश आहेत. चेहऱ्यावर हवा तितका वेळ घालवा, पण वंशावरून डोकं शिणवू नका. कुठल्याही वंशाने काहीही करता येतं. फरक सुरुवातीच्या गुणांचा आणि एखाद-दुसऱ्या खास शक्तीचा. नवख्याने नॉर्ड घ्यावा, कारण थंडीच्या माऱ्याला तो निम्म्याने दाद देत नाही आणि हा सगळा प्रदेशच बर्फाचा. किंवा ब्रेटन घ्यावा, त्याच्यावर कुठल्याही जादूचा परिणाम पाव हिश्श्याने कमी होतो. धडधडीत मारामारी आवडत असेल तर ऑर्क. दिवसातून एकदा मिनिटभर त्याचा वार दुप्पट बसतो आणि त्याला लागतं निम्मंच. मांजरासारखा खजीत आणि सरड्यासारखा आर्गोनियन दिसायला भारी आहेत, मनात भरले तर तेच घ्या. वंश नंतर बदलता येत नाही, तेव्हा शंभर तास ज्याच्याकडे बघायचं आहे तो आवडीचा असलेला बरा.

ड्रॅगन आल्यावर हॅडवार आणि रालोफ यांच्यापैकी एकाच्या मागे पळावं लागतं. हॅडवार साम्राज्याचा सैनिक, रालोफ बंडखोर. इथे कुणाला निवडलं म्हणून पुढच्या यादवी युद्धात तुमची बाजू ठरत नाही. जवळ असेल त्याच्या मागे धावा.

किल्ल्याच्या आतला भाग शिकवणीचा आहे, तो घाईने संपवू नका. छळकोठडीत एका पिंजऱ्यात मेलेला जादूगार आहे. कुलूप उघडायची पहिली प्रॅक्टिस तिथेच करा. आतल्या मंत्रपुस्तकातून विजेची जादू मिळते. दोन हात वेगवेगळे वापरता येतात हेही इथेच करून बघा: उजव्यात तलवार, डाव्यात आगीचा झोत. आग आणि जखमा भरून काढणं, या दोन जादू सगळ्यांना सुरुवातीपासून येतात. शेवटच्या गुहेत एक अस्वल झोपलेलं असतं. त्याच्या बाजूने वाकून, दबकत निघून जाता येतं. पडद्याच्या मध्यभागी डोळ्याचं चिन्ह दिसेल: मिटलेलं असेल तर तुम्ही कुणाला दिसत नाही, उघडत गेलं तर चाहूल लागतेय.

तीन दगड आणि एक निर्णय

बाहेर पडल्यावर उतारावरून रस्ता खाली जातो. तळ्याच्या कडेला तीन उभे दगड लागतात: योद्धा, जादूगार आणि चोर. ज्याला हात लावाल त्या प्रकारची कौशल्यं 20 टक्के लवकर वाढतात. नंतर परत येऊन बदलता येतं.

माझ्या मते या गेममधला पहिला खरा निर्णय इथे आहे. एकूण अठरा कौशल्यं आहेत, सहा-सहांच्या तीन गटांत. जे वापराल ते वाढतं: तलवार चालवली की तलवार, दबकत चाललात की दबकणं, घासाघीस केली की बोलणं. कौशल्यं वाढली की लेव्हल वाढते. प्रत्येक लेव्हलला हेल्थ (जीव), मॅजिका (जादूची ताकद), स्टॅमिना (दम) यांपैकी एकात 10 ची भर टाकायची आणि एक पर्क, म्हणजे एखाद्या कौशल्यातली खास करामत, घ्यायचा. सगळंच थोडं थोडं केलं तर पंधराव्या लेव्हलला तुम्ही कशातच धड नसता, आणि शत्रू मात्र तुमच्या लेव्हलप्रमाणे तगडे होत गेलेले असतात.

म्हणून दगडापाशी उभं राहून तीन कौशल्यं ठरवा. एक मारायचं, एक जीव वाचवायचं, एक आवडीचं. उदाहरणार्थ एकहाती शस्त्र, ढाल आणि लोहारकाम. किंवा धनुष्य, दबकणं आणि औषधं बनवणं. किंवा आगीची जादू, जखमा भरण्याची जादू आणि हलकं चिलखत. पहिले दहा-बारा पर्क या तिघांतच टाका. पर्क न वापरता साठवून ठेवता येतो, त्यामुळे मन बनलं नसेल तर थांबा. धनुष्य घेऊन दबकत फिरणं सगळ्यांत सोपं पडतं, न दिसता मारलेला बाण दुप्पट लागतो, आणि म्हणूनच बहुतेक जण नकळत तिकडे वळतात. पहिल्या खेपेला ढाल-तलवार घेऊन समोरासमोर लढून बघा, लढाईची खरी चव त्यात कळते.

लेव्हल वाढली की मेन्यू लगेच उघडलाच पाहिजे असं नाही. भर टाकताच हेल्थ, मॅजिका, स्टॅमिना तिन्ही पूर्ण भरतात. जीव कंठाशी आलेल्या लढाईसाठी ती हातात राखून ठेवता येते.

एक सावधगिरी. लोहारकाम आणि औषधं एका जागी बसून भराभर वाढवता येतात. त्याने लेव्हल वाढते, शत्रू तगडे होतात, आणि तुमचा तलवारीचा हात जिथल्या तिथे राहतो. बाहेर जाऊन लढत राहा, बाकीचं त्याच्या जोडीने वाढू द्या.

रिव्हरवुडला थांबा

रिव्हरवुड हे नदीकाठचं छोटं गाव. हॅडवारसोबत आलात तर त्याचा काका आल्वोर, रालोफसोबत आलात तर त्याची बहीण गेर्डुर तुम्हाला आसरा देते. दोघंही लगेच सांगतात की व्हाइटरनला जाऊन जार्लला, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याला, ड्रॅगनची खबर दे. नवखा धावत सुटतो. धावू नका.

आल्वोर लोहार आहे. त्याला शिकव म्हणालात तर तो सामान देऊन सुरी बनवायला, सहाणेवर धार लावायला, कातडं कमवायला लावतो. लोखंडाची कांडी आणि कातड्याच्या पट्ट्या, एवढ्यात एक सुरी होते. हे एकदा हाताखालून गेलं की पुढे प्रत्येक गावातला लोहार ओळखीचा वाटतो.

स्वयंपाकाच्या कढईकडे लोक बघतही नाहीत. कोबी, बटाटा, टोमॅटो आणि लीक या कांद्यासारख्या भाजीचं सूप करून ठेवा. ते प्यायलं की 720 सेकंद, म्हणजे बारा मिनिटं, दर सेकंदाला थोडी हेल्थ आणि थोडा स्टॅमिना परत येत राहतो. जोरकस वाराला स्टॅमिना शून्य नसला की पुरतं, त्यामुळे सूप पोटात असेल तर एकामागून एक जोरकस वार मारता येतात. पहिल्या वीस लेव्हलमध्ये याच्याइतकं स्वस्त आणि गुणकारी काही नाही. शेतातलं पीक तोडणं चोरी धरली जात नाही, तेव्हा भाज्या वाटेत मिळत जातात. शेतातला गहू आणि डोंगरउतारावरची निळी फुलं एकत्र केली की जखम भरायचं औषध होतं. नवी वनस्पती मिळाली की आधी एक खाऊन बघा, तिचा पहिला गुण कळतो.

गावात फेंडल नावाचा तिरंदाज आणि स्वेन नावाचा गायक एकाच मुलीच्या मागे आहेत. त्यात फेंडलची बाजू घेतलीत तर तो तुमच्याबरोबर फिरायला तयार होतो, धनुष्यही शिकवतो. सोबती लढतो आणि सामानही उचलतो. फक्त त्याच्या आणि शत्रूच्या मध्ये तुमची तलवार येऊ देऊ नका, सोबती तुमच्या वाराने मरू शकतो.

गावाच्या जरा वर एम्बरशार्ड खाण आहे. तिथे काही डाकू आणि कच्चं लोखंड मिळतं. हात साफ करायला उत्तम जागा.

आणि कोंबडी मारू नका. खरंच. गावात कुणी पाहिलं तर तो गुन्हा धरला जातो आणि लोक शस्त्रं काढतात. एखाद्या वस्तूचं नाव लाल अक्षरांत दिसलं तर ती दुसऱ्याची आहे. उचललीत तर चोरी, आणि चोरीचा माल साधा दुकानदार घेत नाही.

ब्लीक फॉल्स बॅरो: पहिली मोठी गुहा

रिव्हरवुडच्या दुकानात शिरलात की ल्यूकन आणि त्याची बहीण भांडत असतात. त्यांचा सोन्याचा पंजा चोरीला गेलाय. तो आणायला गावामागच्या डोंगरावरच्या ब्लीक फॉल्स बॅरोत जायचं. जार्लकडे जाण्याआधी हेच काम करा. पुढे जार्लचा जादूगार तुम्हाला इथलीच एक शिळा आणायला सांगणार असतो. ती आधीच हाती असली की तुमची एक फेरी वाचते.

या जागेविषयी सविस्तर लिहितो, कारण स्कायरिम कसा खेळायचा ते ही एक गुहा शिकवते. वर जाताना पडका बुरुज लागतो, त्यात डाकू आहेत. मुख्य दारातून आत गेल्यावर शेकोटीपाशी दोघं बोलत बसलेले असतात. लगेच तुटून पडू नका, वाकून ऐका. पंजा कुणी नेला, पुढे काय आहे, हे त्यांच्या बोलण्यातून कळतं.

पुढच्या खोलीत एक डाकू तुमच्या डोळ्यांदेखत कळ ओढतो आणि बाणांच्या माऱ्यात कोसळतो. डावीकडे फिरणारे तीन दगडी खांब, प्रत्येकावर प्राण्यांची चित्रं. समोर जाळीच्या वर भिंतीत दगडी मुखवटे, त्यांच्या तोंडात तीच चित्रं. पण मुखवटे दोनच दिसतात. नवखा इथे अंदाजाने खांब फिरवत बसतो आणि दर वेळी बाण खातो. खाली बघा. मधला मुखवटा वरून निखळून जमिनीवर पडलाय, त्याचं चित्र तिथेच आहे. मी क्रम सांगत नाही, कारण तो स्वतः वाचल्यावर होणारा आनंद हीच या खोलीची कमाई आहे. पुढच्या कितीतरी गुहांमध्ये उत्तर असंच खोलीत कुठेतरी पडलेलं असतं.

पुढे कोळिष्टकांनी भरलेली जागा लागते आणि छतातून प्रचंड कोळी उतरतो. तुम्ही आलात ती वाट त्याच्यासाठी अरुंद आहे. मागे सरकून त्या बोळात उभं राहा आणि तिथून बाण किंवा आग सोडा. जाळ्यात आर्वेल नावाचा चोर अडकलेला आहे. सोडवलात की तो पंजा घेऊन पळत सुटतो. पळू द्या, फार लांब जात नाही.

इथून ड्रॉगर सुरू होतात, म्हणजे पुरातन नॉर्डांची उठून चालणारी प्रेतं. कोनाड्यातलं प्रत्येक प्रेत उठतंच असं नाही. लांबूनच एक बाण मारून खात्री करून घ्या. जमिनीवर तेलाचा ओघळ दिसला तर शत्रू त्यात पाय ठेवेपर्यंत थांबा आणि मग आग सोडा. झुलत्या पात्यांच्या बोळात दोन-तीन हेलकावे मोजा आणि एका दमात पळत पार व्हा.

शेवटच्या गोल दरवाजावर तीन कडी आणि मध्ये पंजाच्या आकाराची खोबण. इथे इन्व्हेंटरी उघडून पंजा हातात घेऊन फिरवल्यासारखा उलटा करा. तळव्यावर चित्रं कोरलेली आहेत. सामानातली वस्तू नुसती यादी नसते, ती फिरवून बघता येते, हे बहुतेकांना याच दरवाजासमोर पहिल्यांदा कळतं.

आतल्या मोठ्या दालनात कोरीव भिंत आहे, तिच्यातला एक शब्द उजळतो. भिंतीपाशी जाण्याआधी सेव्ह करा आणि औषधं हाताशी ठेवा. शब्द मिळाला की मागची शवपेटी फुटून एक ड्रॉगर उठतो. त्याच्या अंगावर ती शिळा मिळेल.

ओझं

सुरुवातीला 300 वजन उचलता येतं. त्यावर गेलात की पळणं बंद, फास्ट ट्रॅव्हलही बंद. इथे कठोर व्हा. लोखंडी चिलखताचं वजन 30 आणि किंमत 125. सोन्याच्या हाराचं वजन अर्धा आणि किंमत 120. किंमत वजनाच्या निदान दहापट असेल तरच उचला, हा हिशोब डोक्यात ठेवला की पिशवी आपोआप हलकी राहते. नाणी, कुलूप उघडायच्या काड्या आणि बाण यांना वजन नाही, ते सगळे घ्या. पुढे ड्रॅगन माराल तेव्हा त्याची हाडं 15 वजनाची आणि 500 किमतीची असतात. महाग आहेत, पण तीन-चार उचलली की पाठ वाकते.

दुकानदारांकडे ठरावीकच पैसे असतात, दोन दिवसांनी ते पुन्हा भरतात. दर माणसाला थोडं थोडं विका. कुठल्याही रिकाम्या पेटीत सामान ठेवून जाऊ नका, काही दिवसांनी तिथला माल नाहीसा होतो. व्हाइटरनमधलं ब्रीझहोम नावाचं घर 5000 नाण्यांना मिळतं. पहिली मोठी खरेदी तीच असू द्या. आपल्या घरातल्या पेटीत काही हरवत नाही, आणि स्वतःच्या अंथरुणात झोपलं की काही तास कौशल्यं 10 टक्के लवकर वाढतात.

व्हाइटरन आणि कामांची यादी

व्हाइटरनमध्ये जार्ल बाल्ग्रूफला भेटलात की मुख्य कथा वेग घेते. ड्रॅगनशी पहिली लढाई शहराबाहेरच्या पश्चिमेच्या बुरुजापाशी होते, सोबत सैनिक असतात. तो हवेत असताना दगडाआड राहून बाण मारा, जमिनीवर आला की तोंडासमोर उभे राहू नका, बाजूने वार करा. ही लढाई होईपर्यंत बाहेर भटकणारे ड्रॅगन दिसत नाहीत. म्हणजे निवांत हिंडायचं असेल तर बुरुजाकडे जाणं लांबवा. जग तुमच्यासाठी थांबलेलं आहे, कुठलीही मुख्य कामगिरी उशीर झाला म्हणून हातची जात नाही. लढाईनंतर लिडिया नावाची रक्षक तुमच्या दिमतीला मिळते. ती धडाकेबाज लढते, नवख्यासाठी तिच्याहून चांगली सोबत नाही.

आता ती यादी. व्हाइटरनमध्ये जो तो काहीतरी सांगतो आणि ते नोंदवहीत जाऊन बसतं. नोंदवही उघडा आणि एक सोडून बाकी सगळी कामं निष्क्रिय करा. कंपासवर एकच खूण राहील. एका बैठकीत एक काम. वाटेत दुसरं काही दिसलं तर जरूर वळा, पण ते डोळ्यांनी दिसलं म्हणून, खूण होती म्हणून नव्हे. धूर, पडका मनोरा, रस्त्यात उलटलेली गाडी. गेमचा उत्तम भाग अशा जागी आहे आणि त्यातल्या पुष्कळ जागा कुठल्याच यादीत येत नाहीत. फास्ट ट्रॅव्हल पहिले काही तास टाळा याच कारणासाठी. लांबच्या शहरी जायचं तर तबेल्यापाशी गाडीवान असतो, तो थोड्याशा नाण्यांत पोचवतो. एकदा ती जागा ओळखीची झाली की परतीची वाट चालत करा.

काही कामं संपतच नाहीत. अमुक गुहेतल्या डाकूंच्या सरदाराला मार, अमुक वस्तू आण, अशी कामं गेम स्वतः नव्याने तयार करत राहतो. तेच तेच वाटायला लागलं की खुशाल सोडा. टोळ्यांपैकी एकच धरा. लढवय्याला व्हाइटरनमधलेच कंपॅनियन्स, जादूगाराला उत्तरेचं विंटरहोल्ड महाविद्यालय, चोराला रिफ्टन शहर. तिची कथा संपवा आणि मग दुसरीकडे बघा.

जिथे जीव जातो

राक्षस, म्हणजे मॅमथ राखणारे ते उंच मेंढपाळ, तुमच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्या तळाजवळ जाऊ नका आणि मॅमथला डिवचू नका. सुरुवातीच्या लेव्हलला त्यांच्या सोट्याचा एक फटका पुरतो.

रक्तपिपासू व्हॅम्पायरशी लढल्यावर एखादा आजार जडल्याचा संदेश आला तर दुर्लक्ष करू नका. तीन दिवसांच्या आत औषध घ्या किंवा कुठल्याही देवळातल्या वेदीवर प्रार्थना करा. व्हाइटरनमध्ये कायनरेथचं देऊळ आहे, तिथे काम होतं. तीन दिवस उलटले की तुम्हीच व्हॅम्पायर होता, आणि मग बरं होणं लांबलचक प्रकरण आहे.

तिसरा धोका आयव्हरस्टेड गावाच्या वरचा. मुख्य कथा तुम्हाला 7000 पायऱ्या चढून ग्रेबिअर्ड्सच्या मठात पाठवते. त्या वाटेवर बर्फाळ खिंडीत पांढरा ट्रोल असतो, आणि तो दहाव्या लेव्हलच्या आत भल्याभल्यांना लोळवतो. ट्रोलच्या जखमा आपोआप भरतात, तेव्हा त्याला दम घेऊ देऊ नका. आगीने तो जास्त पोळतो. लिडियाला पुढे करा आणि मागून झोत सोडत राहा. नाहीच जमलं तर पळत सुटा, मठ फार लांब नाही.

चढण्याआधी आयव्हरस्टेडच्या पुलापाशी क्लिमेक नावाचा गावकरी भेटेल, त्याची मठात शिधा पोचवायची पिशवी घ्या, तुम्ही तिकडेच चालला आहात. वाटेत दहा कोरीव शिळा आहेत, प्रत्येक थांबून वाचा. दहाही वाचल्या की दिवसभर जंगली जनावरं तुमच्यावर हल्ला करत नाहीत. उतरताना लांडग्यांची कटकट नसते, आणि पूर्वेच्या रिफ्टनकडे किंवा उत्तरेच्या विंडहेल्मकडे पायी निघायला ती वेळ चांगली. यादवी युद्धात कुणाच्या बाजूने उतरायचं हे मात्र ही दोन शहरं आणि पश्चिमेचं सॉलिट्यूड बघून, तिथल्या लोकांशी बोलून झाल्यावरच ठरवा.